माणूस स्क्रीनसमोर रिकाम्या मनाने येत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन वर्षं यूआय, म्हणजे अ‍ॅपचे पडदे, डिझाइन करताय. तुमचे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात, "आधी फ्लो नीट बसवा, भावनांचं शेवटी बघू. रंग, चित्रं, थोडं अ‍ॅनिमेशन टाकलं की झालं." (फ्लो म्हणजे माणूस एकामागून एक कोणत्या पडद्यांवरून जातो तो क्रम.) तुम्हाला विचारायचंय की यूएक्समध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या डिझाइनमध्ये, भावना आणि मानसशास्त्र यांना खरंच काही काम आहे, की ते फक्त प्रेझेंटेशनमध्ये बोलायचे शब्द आहेत? आणि काम असेल, तर रोजच्या कामात ते आणायचं कसं?

काम आहे, आणि ते शेवटी करून चालत नाही. भावना आपण स्क्रीनवर टाकत नसतो, माणूस ती बरोबर घेऊनच येतो. पैसे पाठवताना धाकधूक असते. परीक्षेचा किंवा नोकरीचा फॉर्म भरताना चुकण्याची भीती असते. पासवर्ड तिसऱ्यांदा चुकला की स्वतःचाच राग येतो. तुम्ही बसवलेला फ्लो माणूस याच मनःस्थितीत वापरणार असतो. त्यामुळे शांत डोक्याने, चहाचा कप हातात घेऊन नीट चालणारा फ्लो म्हणजे अर्धंच काम झालं असं मी धरते.

सोळा वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. डिझायनरच्या हातात असलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे दिलासा. आनंद द्यायच्या मागे बहुतेक टीम असतात, म्हणून स्वागताच्या पानावर चार चार आठवडे खर्च होतात. दिलासा द्यायच्या जागा मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाहीत, कारण त्या दिसायला नीरस असतात. एररचा मेसेज, अडकलेलं पेमेंट, खातं बंद करायचं पान. माणूस सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो तो नेमका तिथेच.

एक प्रसंग सांगते. तपासण्यांचे रिपोर्ट मोबाइलवर दाखवणाऱ्या एका अ‍ॅपसाठी मी काम करत होते. रिपोर्टचं पान आम्हाला छान जमलंय असं वाटत होतं. डावीकडे तपासणीचं नाव, उजवीकडे आकडा, आकडा मर्यादेबाहेर असेल तर ठळक लाल, आणि खाली सोप्या भाषेत दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण. काही लोकांना नमुना रिपोर्ट देऊन अ‍ॅप वापरायला लावलं, म्हणजे टेस्ट घेतली, तेव्हा सगळ्यांनी स्पष्टीकरण वाचलं आणि अर्थही बरोबर सांगितला. मग एका गृहस्थांनी आपणहून स्वतःचा खरा रिपोर्ट उघडून दाखवला. एक आकडा लाल होता, मर्यादेच्या जेमतेम बाहेर. त्यांचा अंगठा होता तिथेच थांबला. दोन बोटांनी त्यांनी तो आकडा मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. खाली स्क्रोल केलंच नाही. "खाली त्याबद्दल लिहिलंय, बघता का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "हो हो, बघतो," आणि अ‍ॅप बंद करून त्यांनी मुलाला फोन लावला. स्पष्टीकरण बोटभर खाली होतं.

नमुना रिपोर्टमध्येही लाल आकडा होताच. पण तो कुणाचाच नव्हता.

त्या दिवशी जे दिसलं त्याला मानसशास्त्रात जुना आधार आहे. ईस्टरब्रूक या संशोधकाने १९५९ साली मांडलं होतं, की मनावरचा ताण वाढत गेला की माणूस आजूबाजूच्या कमी कमी गोष्टींची दखल घेतो. लक्ष एका बिंदूवर गोळा होतं आणि कडेचं सगळं गळून पडतं. आम्ही मदत ठेवली होती ती नेमकी कडेला. मग आम्ही मांडणी बदलली. आकड्याच्या खाली, त्याच चौकटीत, एक ओळ आली : "मर्यादेपेक्षा किंचित जास्त. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा." कोणत्या आकड्याला कोणती ओळ लावायची हे डॉक्टरांनी बसून ठरवलं. लाल रंग फक्त ताबडतोब डॉक्टरांशी बोलायला हवं अशा आकड्यांसाठी राखून ठेवला, आणि तिथे आकड्याच्या शेजारीच फोन लावायचं बटण दिलं. बाकी मजकूर होता तेवढाच राहिला, त्याची जागा तेवढी बदलली.

तुमच्या मॅनेजरांना हा प्रसंग सांगा. यात रंगकाम शेवटी करायचा प्रश्नच नव्हता. कोणती माहिती कुठे ठेवायची, म्हणजे खुद्द फ्लोच, माणसाच्या भीतीवरून ठरला.

भावना म्हणजे विचारांच्या आड येणारी गोष्ट, ही समजूत आपल्या क्षेत्रात फार खोल रुजलेली आहे. अंतोनियो दमासिओ या मेंदुविज्ञानाच्या अभ्यासकाने अशा रुग्णांचं वर्णन केलंय, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती शाबूत, पण भावना बोथट झालेल्या. या लोकांनी अधिक तर्कशुद्ध निर्णय घ्यायला हवे होते. प्रत्यक्षात साधी भेटीची वेळ ठरवतानाही ते पर्यायांचा हिशेब मांडत बसायचे आणि निर्णय काही होत नसे. कोणता पर्याय आपल्यासाठी महत्त्वाचा आहे हे आतून कुणी सांगतच नव्हतं. ते सांगणारा आवाज भावनेचा असतो. म्हणजे 'पुढे जा' हे बटण दाबायचं की नाही हा निर्णय भावनेला वगळून होतच नाही. वाटल्यास तो कोरा हिशेबी निर्णय समजा, पण तो तसा होत नाही.

डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी वस्तू वापरतानाच्या भावनेचे तीन थर सांगितले आहेत, आणि कामात ते खरोखर उपयोगी पडतात. पहिला थर बघताक्षणीचा, विचार सुरू व्हायच्या आधीचा. दुसरा वापरतानाचा : हाताला सवय होते का, आपण म्हणतो तसं होतं का. तिसरा नंतरचा : आपण हे वापरतो याबद्दल माणूस स्वतःला आणि इतरांना काय सांगतो. टीममध्ये वाद होतो तेव्हा बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या थराबद्दल बोलत असतात. एकाला पान दिसायला आवडलेलं नसतं, दुसरा म्हणत असतो की चालतं तर आहे. वाद कोणत्या थराचा आहे हे आधी विचारलं की अर्धी मीटिंग वाचते.

पहिल्या थराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. गिट्टे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की वेब पान फक्त ५० मिलिसेकंद दाखवलं तरी ते दिसायला कसं आहे याबद्दल लोकांचं मत तयार होतं, आणि जास्त वेळ दाखवल्यावरही ते बरंचसं तसंच राहतं. त्याआधी, १९९५ साली, जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या २५२ जणांना दाखवल्या होत्या. जी मांडणी देखणी वाटली, तीच वापरायला सोपी असेल असंही लोकांना वाटलं. नोअम त्रॅक्टिन्स्की यांनी इस्रायलमध्ये हाच प्रयोग करून पाहिला, तिथेही तेच आढळलं. म्हणजे तुमचे मॅनेजर म्हणतात ते रंगकाम बिनमहत्त्वाचं नाही. पण याची दुसरी बाजू डिझायनरने लक्षात ठेवायला हवी. प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीपुरता केलेला नमुना, फार देखणा असेल तर टेस्टमध्ये लोक अडखळतात आणि तरी "छान आहे, सोपं आहे" म्हणून जातात. म्हणून पहिल्या टेस्ट मी मुद्दाम साध्या, राखाडी वायरफ्रेमवर, म्हणजे पडद्याच्या नुसत्या आराखड्यावर, घेते.

आता वाट पाहण्याबद्दल. इथे जरा रेंगाळते, कारण मानसशास्त्र इतक्या स्वस्तात एवढा फरक दुसरीकडे क्वचितच पाडतं.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या तीन मर्यादा आजही तशाच लागू आहेत. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला वाटतं आपण स्वतःच ते केलं. १ सेकंदापर्यंत थांबलोय हे जाणवतं, पण विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं आणि माणूस दुसरं काहीतरी करायला लागतो. सर्व्हर कितीही चांगला असला तरी काही गोष्टींना दहा सेकंद लागणारच. तिथून डिझायनरचं काम सुरू होतं.

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगेत उभं राहण्याच्या मानसशास्त्राबद्दल जे लिहिलं त्यातल्या दोन गोष्टी मी पाठ करून ठेवल्या आहेत : काही न करता काढलेला वेळ लांब वाटतो, आणि किती थांबायचंय हे माहीत नसेल तर तो आणखी लांब वाटतो. त्याच वर्षी ब्रॅड मायर्स यांनी किती टक्के काम झालं हे दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास केला आणि लोकांना ती हवीशी वाटते हे दाखवलं. पुढे २००७ साली क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक गोष्ट तपासली. एकाच वेळात पूर्ण होणाऱ्या पट्ट्या वेगवेगळ्या चालीने सरकवल्या. शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लवकर संपल्यासारखी वाटली, आणि शेवटाजवळ अडखळणारी सगळ्यांत रटाळ. आपल्याकडच्या बहुतेक पट्ट्या नेमक्या ९९ टक्क्यांवर येऊन बसतात. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण माणसाला छळायला यापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

बुएल आणि नॉर्टन यांचं २०११ सालचं संशोधनही बघा. प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या साइटवर, शोध चालू असताना आता कोणत्या विमान कंपनीकडे बघतोय हे दाखवत राहिलं, तर लोकांना ती सेवा जास्त मोलाची वाटली. काही वेळा तर लगेच निकाल देणाऱ्या साइटपेक्षाही. आपल्यासाठी कुणीतरी खपतंय हे दिसलं की माणूस थांबायला तयार होतो. यातून पळवाट काढणारेही आहेत. काम झालेलं असतानाही "तपासत आहोत…" असं खोटं फिरवत ठेवणारे. मी ते करत नाही आणि माझ्या टीममध्ये करू देत नाही. खरंच चाललेलं काम दाखवायला काहीच हरकत नाही, आणि तेवढं पुरतं.

अडकलेलं पेमेंट हा या सगळ्याचा कळस. बटण दाबलंय, चक्र फिरतंय, मग पडदा पांढरा होतो आणि मेसेज येतो : "व्यवहाराची स्थिती प्रलंबित." हे वाचणाऱ्या माणसाच्या मनात तीनच प्रश्न असतात. माझे पैसे गेले का? आता मी काय करू? पुन्हा दाबलं तर दोनदा जातील का? त्या मेसेजने तिन्हींपैकी एकाचंही उत्तर दिलेलं नसतं. टेस्टमध्ये मी बघितलंय, अशा वेळी लोक स्क्रीनशॉट काढतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पुरावा जवळ असावा म्हणून काढतात. माझ्या लेखी तो स्क्रीनशॉट म्हणजे आमच्या डिझाइनवरचा अविश्वासाचा ठराव आहे. तेव्हापासून असा मेसेज लिहिताना मी ते तीन प्रश्न वर लिहून घेते आणि त्याच क्रमाने उत्तर देते : "तुमच्या खात्यातून पैसे निघाले आहेत, पण समोरच्याला पोहोचल्याची खात्री अजून आलेली नाही. पुन्हा पाठवू नका. खात्री झाली की तुम्हाला मेसेज येईल. पोहोचले नाहीत तर पैसे परत जमा होतील." शेवटच्या वाक्यात किती वेळ लागेल हेही लिहायचं, आणि तो आकडा बँकेकडून लेखी घेतलेला असला पाहिजे. अंदाजाने लिहिलेला दिलासा खोटा ठरला तर न दिलेल्यापेक्षा वाईट.

एररच्या मेसेजमध्ये भीतीच्या जोडीला लाज येते, आणि लाजेचा विचार आपल्या क्षेत्रात फारच कमी होतो. १९९० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी दाखवून दिलं, की आपण यंत्राशी नकळत माणसासारखं वागतो. नॅस यांच्या एका प्रयोगात लोकांना एका कॉम्प्युटरबद्दल मत विचारलं. प्रश्न त्याच कॉम्प्युटरने विचारला तेव्हा लोकांनी दुसऱ्या कॉम्प्युटरने विचारल्यापेक्षा जास्त गोड उत्तरं दिली, जणू त्याचं मन दुखवायचं नव्हतं. आता हेच उलट करून बघा. यंत्र जेव्हा म्हणतं "अवैध माहिती", तेव्हा माणसाला ते माणसाने हिणवल्यासारखंच लागतं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये आलेला क्लिपी हा पेपरक्लिपच्या रूपातला पडद्यावरचा मदतनीसही लोकांना याच कारणाने नकोसा झाला असं मला वाटतं. डोळे मिचकावायचा, हसायचा, पण न बोलावता मध्ये यायचा आणि आधी नको म्हटलेलं त्याच्या लक्षात नसायचं. असा माणूस आपल्याला आवडला असता का? चेहरा दिला म्हणजे जिव्हाळा येत नाही. पुढे २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळातच बंद ठेवला गेला.

म्हणून एररचा मेसेज लिहिताना मी मनातल्या मनात तो समोर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने म्हणून बघते. "चुकीचा क्रमांक" असं त्यांना तोंडावर म्हणवणार नाही. "मोबाइल नंबर १० आकड्यांचा लागतो. इथे ९ दिसताहेत," हे म्हणता येईल. एवढ्याने तीन गोष्टी होतात. काय हवंय ते कळतं, काय झालंय ते कळतं, आणि 'तुम्ही चुकलात' हे शब्द कुठेच येत नाहीत. त्याहून बरं म्हणजे चूक होऊच न देणं. माणसाने नंबरमध्ये मोकळ्या जागा किंवा आडव्या रेघा टाकल्या तर त्या गुपचूप काढून टाकता येतात, त्यासाठी त्याला दरडावायची गरज नाही. आणि एररनंतर भरलेला फॉर्म कोरा झाला तर तो गुन्हाच आहे. मग मेसेज कितीही गोड असो, माणूस पुन्हा येत नाही.

आठवणीबद्दलचा एक प्रयोग प्रत्येक डिझायनरला माहीत असावा. १९९३ साली डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद. त्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, तिसऱ्यांदा यातलं कोणतं कराल? ३२ पैकी २२ जणांनी लांबचा प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट जरा सुसह्य होता. आपण अनुभव सेकंद मोजून लक्षात ठेवत नाही. त्यातला सगळ्यांत तीव्र क्षण आणि शेवट, हे दोनच प्रामुख्याने उरतात.

आता तुमच्या अ‍ॅपमधला लांब फॉर्म आठवा. पाच पानं भरली, कागद जोडले, आणि शेवटी काय? बहुतेक ठिकाणी हिरवी बरोबरची खूण आणि "यशस्वीरीत्या सबमिट झाले". माणसाने अर्धा तास घालवलाय. त्याला हवं असतं : अर्ज कुणाकडे गेला, आता तिथे काय होईल, उत्तर कधीपर्यंत येईल, मध्ये काही विचारायचं असेल तर कुठे विचारायचं, आणि भरलेल्या माहितीची प्रत. हे पान बहुतेक टीम शेवटच्या दिवशी घाईत करतात. मी ते पहिल्या आठवड्यात करायला घेते. त्याचा एक अनपेक्षित फायदा होतो : 'पुढे काय होईल' हे लिहायला बसलं की संस्थेत ते कुणालाच नक्की माहीत नाही असं बऱ्याचदा उघड होतं, आणि ते वेळेत उघड झालेलं बरं.

मानसशास्त्राच्या नावाने काही गोष्टी अशाही फिरतात ज्यांवर विसंबू नका. 'मेनूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत' हे त्यातलं एक. जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा लेख आपण एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो याबद्दल होता. मेनू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. नीट गट पाडलेले वीस पर्याय चालतात, आणि गोंधळात टाकणारे पाचही जड होतात. 'निळा म्हणजे विश्वास, पिवळा म्हणजे आशा' असले तक्तेही बाजूला ठेवा. रंगाचा परिणाम असतो, पण तो संदर्भाने ठरतो. वर सांगितलेला लाल आकडाच बघा. सेलच्या पाटीवर तोच लाल कुणाला घाबरवत नाही.

उलट काही निष्कर्ष खरंच भक्कम आहेत आणि म्हणूनच जपून वापरायला हवेत. नुनेस आणि द्रेझ यांनी २००६ साली एका कार धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली. निम्म्यांवर आठ शिक्के भरायचे होते. उरलेल्या निम्म्यांवर दहा, पण दोन आधीच मारलेले. दोन्हींना आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यात ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेली आहे असं वाटलं की माणूस पुढे जातो. हे तत्त्व वापरून तुम्ही कुणाला अर्धवट राहिलेला शिष्यवृत्तीचा अर्ज पूर्ण करायला लावू शकता. हेच तत्त्व वापरून झोपेच्या वेळी गेमचा आणखी एक टप्पाही खेळायला लावू शकता. स्क्रीन दोन्हीकडे सारखीच दिसेल.

ही रेघ कुठे ओढायची हा तुमच्या प्रश्नाचाच भाग आहे असं मी समजते, कारण मानसशास्त्र शिकलेल्या डिझायनरसमोर तो येतोच. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली 'डार्क पॅटर्न' हा शब्द रूढ केला तो याच फसव्या युक्त्यांसाठी. नको म्हणायच्या बटणावर "नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं लिहून माणसाला ओशाळं करणं, 'फक्त दोनच शिल्लक' असं खोटं सांगणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सहा पानं. याची किंमत आता पैशांतही मोजावी लागते. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सबरोबर २४ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. आरोपांत, बटणांची रचना अशी होती की नकळत दाबलं जाऊन खरेदी व्हायची, हाही एक होता.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. ही युक्ती का केली हे त्याच स्क्रीनवर एका ओळीत यूजरला सांगता येईल का? "तुमचा अर्ज ४० टक्के भरून झालाय, कारण तुमचं नाव आणि पत्ता आमच्याकडे आधीपासून आहे" हे सांगता येतं. "तुम्ही घाबरून लगेच विकत घ्यावं म्हणून हे घड्याळ उलटं फिरतंय" हे सांगता येत नाही. मग ते घड्याळ काढायचं. यावर मी दोनदा वरिष्ठांशी भांडले आहे, एकदा हरले, आणि त्या प्रॉडक्टमधून बाहेर पडले. तुम्हाला लगेच नोकरी सोडायला सांगत नाही. पण आक्षेप लेखी नोंदवा, तारखेसह.

हेतू चांगला असूनही जखम होऊ शकते. २०१४ च्या शेवटी फेसबुकने लोकांना त्यांच्या सरत्या वर्षाचे फोटो सजवून दाखवले, भोवती नाचणारी माणसं आणि फुगे. एका वडिलांसमोर आला तो त्यांच्या त्याच वर्षी वारलेल्या लहान मुलीचा फोटो. ते स्वतः वेब क्षेत्रातले जाणकार, त्यांनी त्याबद्दल अतिशय संयमाने लिहिलं. डिझाइन करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की वर्ष सगळ्यांचं चांगलंच गेलं असेल. त्यानंतर मी आनंद साजरा करणारी कोणतीही गोष्ट डिझाइन करताना पहिल्याच मीटिंगमध्ये विचारते : ज्याचा हा दिवस वाईट गेलाय त्याला हे कसं दिसेल, आणि त्याला ते बघायचं की नाही हे ठरवता येतं का? आधी विचारायचं, मग दाखवायचं. एवढ्याने बरंच सावरतं.

आता रोजच्या कामाचं. टेस्टमध्ये "कसं वाटलं?" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर "छान" असंच येतं. तोंडापेक्षा हात जास्त बोलतात. अंगठा बटणावर येऊन अधांतरी थांबला, मागे जाऊन तेच पान पुन्हा पाहिलं, रक्कम बोटाने धरून आकडे मोजले, कुणाचं तरी नाव घेऊन "त्याला विचारून करीन" म्हटलं, या नोंदी मी वेळेसह लिहिते. नंतर त्या क्षणावर परत नेऊन विचारते, "इथे थांबलात तेव्हा मनात काय होतं?" शक्य तिथे खरी माहिती, खरा रिपोर्ट, स्वतःची खरी रक्कम वापरू द्यायची, अर्थात संमती घेऊन आणि हवं तेव्हा थांबायची मोकळीक देऊन. खोट्या नावाने आणि खोट्या पैशांनी टेस्ट केली की खरी भीती दिसतच नाही.

फ्लोचा नकाशा काढता तेव्हा प्रत्येक पायरीखाली एक ओळ वाढवा : इथे येताना माणसाला कशाची भीती आहे? 'आनंदी', 'नाराज' असे चेहरे चिकटवू नका, त्यातून काही करता येत नाही. "दुसऱ्याच्याच खात्यात पैसे जातील याची भीती" असं लिहिलंत तर उपाय लगेच सुचतो : पाठवण्यापूर्वी समोरच्याचं पूर्ण नाव दाखवायचं. "चुकून पुसलं जाईल" लिहिलंत तर 'खात्री आहे का?' विचारणाऱ्या चौकटीऐवजी काही सेकंद 'परत आणा' द्यायचं सुचतं. त्या चौकटीवर लोक न वाचताच 'हो' दाबतात. परत आणता येतं हे एकदा कळलं की त्यांचा हात मोकळा होतो.

मॅनेजरांना पटवायचं तर भावना हा शब्दच वापरू नका, निदान सुरुवातीला. कस्टमर सपोर्टकडे जा आणि गेल्या महिन्यात सगळ्यांत जास्त फोन कोणत्या पानावरून आले ते विचारा. बहुधा तो फोन "हे कसं करायचं?" असा नसतो. "हे झालं की नाही?" असा असतो. त्या पानाची प्रत काढा, माणसाच्या मनातले प्रश्न वर लिहा, आणि तेवढा एक मेसेज बदलून बघू द्या म्हणून परवानगी मागा. कोड जवळपास बदलत नाही, एका दिवसाचं काम असतं. महिन्याभराने तेच फोन पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून मॅनेजरांना दाखवा.